किनाऱ्यालगतचं पाणी, आकाशातून मोजताना

कॅलिफोर्नियाच्या पॉइंट कन्सेप्शनपासून सुमारे १० किलोमीटर आत समुद्रात हार्वेस्ट नावाचा तेलाचा प्लॅटफॉर्म. १९९२ साली समुद्राची पातळी मोजणारा टोपेक्स-पोसायडन उपग्रह १,३३६ किलोमीटर उंचीवरून त्याच्या माथ्यावरून जाऊ लागला, साधारण दर १० दिवसांनी. त्याच वाटेने पुढे जेसन मालिकेतले उपग्रह गेले.

उपग्रहावरचं रडार खाली लहर सोडतं. ती पाण्यावरून परतायला किती वेळ लागला, ते मोजायचं. पातळीत एका सेंटिमीटरची चूक म्हणजे वेळेत फक्त ६७ पिकोसेकंदांची. पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग! इतकं बारीक माप खरं की खोटं, हे पाण्यातच तपासावं लागतं.

उपग्रह डोक्यावर येई त्या क्षणाची पातळी हार्वेस्टवरचा भरतीमापक नोंदवायचा. शेजारी जीपीएस, कारण तेलाच्या उपशामुळे तळ खचत होता आणि प्लॅटफॉर्म दरवर्षी काही मिलिमीटर खाली जात होता. जगाच्या समुद्राची सरासरी वाढही वर्षाला तीनेक मिलिमीटरच. खचणं हिशेबात धरलं नसतं, तर समुद्र चढला की प्लॅटफॉर्म खाली गेला, हे कळलंच नसतं.

प्लॅटफॉर्म एवढासा, त्याने प्रतिध्वनी, म्हणजे पाण्यावरून परतणारी लहर, फारसा बिघडत नाही. किनारा मात्र बिघडवतो. रडारचा झोत समुद्रावर काही किलोमीटर पसरतो. त्यात खडक, पुळण, खाडीचं संथ पाणी आलं की परतीच्या लहरीत भेसळ होते. हवेतल्या बाष्पाने लहरीला होणारा उशीर मोजणारं उपकरण तर त्याहून लांबूनच जमिनीमुळे फसतं. आणि माणसं राहतात ती नेमकी इथेच.

लाटांची उंचीही याच प्रतिध्वनीतून कळते. शांत पाण्यावरून तो एकदम उसळतो. उंच लाटा असल्या की हळूहळू चढतो, कारण आधी लाटांचे माथे उत्तर देतात, खळगे मागाहून.

२०१३ साली इस्रो आणि फ्रान्सच्या अवकाश संस्थेने सोडलेल्या ‘सरल’ने आखूड लहरी वापरून झोताचा ठसा लहान केला, त्यामुळे किनाऱ्याच्या आणखी जवळ जाता आलं. त्याची पातळी तपासली गेली लक्षद्वीपमधल्या कवरत्तीला. लाटांसाठी आपल्या रत्नागिरीसमोरही बोया तरंगत ठेवला गेला. लाटेबरोबर वर-खाली होत तो तिची उंची नोंदवतो. असे बोये आणि भरतीमापक जपण्यावरचा खर्च उपग्रहाच्याच खर्चात धरायला हवा, असं आम्हाला ठामपणे वाटतं.