खोट, डागणी आणि दोन ‘द’: उस्मान सेम्बेन

(पडद्यावर: मार्सेयची गोदी, जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

लेखक आणि चित्रपट दिग्दर्शक उस्मान सेम्बेन म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमधल्या झिगिंशोरच्या कोळ्याचा मुलगा. जन्म १९२३. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच वसाहती सैन्यात, मग फ्रान्समधल्या मार्सेयच्या गोदीत हमाल. १९५६ ची पहिली कादंबरीही गोदी कामगाराचीच. पण ज्यांच्याविषयी लिहायचं, त्यांतल्या बहुतेकांना फ्रेंच वाचता येत नव्हतं. म्हणून चाळिशीच्या तोंडावर उस्मान सेम्बेन मॉस्कोला जाऊन सोव्हिएत दिग्दर्शक मार्क दोन्स्कोय यांच्याकडे सिनेमा शिकले.

१९६२ च्या त्यांच्या कथासंग्रहात एक बाप पोटच्या पोरीच्या अंगावर सुरीने चरे पाडतो. हिशेब सरळ आहे: गुलामांच्या दलालाला बिनखोट कातडी लागते, व्रण असलेल्या माणसाला भाव नाही. पुढच्या पिढ्या जे व्रण जमातीची खूण म्हणून मिरवतात, त्यांचा उगम ही कथा तिथे नेते.

(पडद्यावर: पांढरी भिंत, तिच्यावर एकच लाकडी मुखवटा.)

त्याच संग्रहातल्या दुसऱ्या कथेवर १९६६ चा ‘ला न्वार द…’ हा चित्रपट बेतलेला आहे. अर्थ, ‘अमक्याची काळी’. मालकाच्या नावाच्या जागी नुसती टिंबं. सेनेगलच्या राजधानीत, डाकारच्या फुटपाथवर कामाच्या आशेने बायका बसलेल्या असतात. गोरी मालकीण दिसताच सगळ्या तिला गराडा घालतात. जी उठत नाही, तीच निवडली जाते. ही जुआना. मुलं सांभाळायला म्हणून फ्रान्सला, आंतीबला नेतात, आणि पदरी पडतं रांधणं, धुणं, फरशी पुसणं. तिला लिहिता-वाचता येत नाही. आईचं पत्र मालक वाचतो, तिला न विचारता उत्तरही तोच लिहायला घेतो. ती कागद फाडून टाकते. भिंतीवरचा तो मुखवटा तिनेच मालकांना भेट दिलेला.

आता आवाजाकडे लक्ष द्या. संवाद चित्रीकरणाच्या वेळी नोंदवलेले नाहीत, सगळे नंतर भरलेत. तोंडाने जेमतेम ‘हो, मॅडम’ म्हणणारी जुआना मनात मात्र अस्खलित फ्रेंच बोलते. हे खटकतं, खटकायलाच हवं. पण पडद्यावर दिसते ती सेनेगलची म्बिसीन तेरेझ जोप, आणि ऐकू येते ती हैतीची तोतो बिसेंत. हैती म्हणजे आफ्रिकेतून जहाजांत कोंबून नेलेल्या माणसांनी बंड करून १८०४ मध्ये स्वतंत्र केलेला देश. समुद्राचे दोन्ही काठ एका बाईत आले.

(पडद्यावर: तापलेलं लोखंड.)

१९७७ च्या ‘चेद्दो’ या चित्रपटात संवाद सेनेगलच्या वोलोफ भाषेत आहेत आणि कित्येक शतकं एकाच गावात दाटलेली आहेत. गोरा व्यापारी जवळपास मुका. त्याला बोलावं लागतच नाही: बंदूक हवी, तर माणूस आणून द्यायचं. चेद्दो म्हणजे इस्लाम स्वीकारायला नकार देणारे गावकरी. धर्मांतराची सक्ती करणाऱ्या इमामाला विरोध करायला शस्त्र हवं, म्हणून ते आपलीच माणसं देतात. गुरांना डागतात तसं त्यांना डागलं जातं, आणि मागे अमेरिकेतल्या काळ्यांच्या चर्चमधलं गॉस्पेल, म्हणजे भक्तिगीत, सुरू होतं. त्या माणसांची नातवंडं पुढे काय गातील, ते प्रेक्षकाला आधीच ऐकू येतं. गुलामांच्या व्यापारातला आपल्याच लोकांचा हात एवढ्या उघडपणे दाखवणं तेव्हा सोपं नव्हतं.

सेनेगलमध्ये चित्रपटावर बंदी आली. सरकारी कारण शुद्धलेखनाचं! राष्ट्राध्यक्ष सेंघोर स्वतः कवी; त्यांच्या सरकारच्या नियमाप्रमाणे ‘चेद्दो’ या शब्दात एकच ‘द’ हवा होता. सेम्बेन यांनी दुसरा ‘द’ काढला नाही.