पन्नास यार्डांच्या आत

१९२० सालचं यलोस्टोन. अंधारात, खडकांच्या आडोशाला दोन माणसं दबा धरून बसली आहेत. पेशाने सर्जन असलेले सॅक्स्टन पोप आणि त्यांचे मित्र आर्थर यंग. हातात लाकडी धनुष्यं आणि समोरून येणारी ग्रिझली अस्वलं. कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसला ग्रिझलीचे नमुने हवे होते, त्यासाठी रीतसर परवानगी मिळालेली होती. बाण सुटले आणि एक अजस्र नर काळोखात दिसेनासा झाला. त्या वेळी त्याच्या मागावर जाणं म्हणजे मरणाला सामोरं जाणं. दोघं उजाडेपर्यंत थांबले, रक्ताचा माग काढत गेले, तेव्हा तो मरून पडलेला होता.

बाणाच्या शिकारीत हे थांबणंच महत्त्वाचं. गोळीच्या धक्क्याने जनावर जागीच कोसळू शकतं. बाण धक्का देत नाही, तो कापतो. रक्त जाऊन जनावर खाली बसेपर्यंत ते धावतं, कधी उलटून अंगावरही येतं. म्हणून पात्याला धार हवी, नेम छातीचाच हवा, आणि खात्री नसेल तर दोरी सोडायचीच नाही. यलोस्टोनच्या मोहिमेत वाटाड्या नेड फ्रॉस्टची बंदूकही सोबत होती, हेही सांगायला हवं. पुढे १९२५ मध्ये हे दोघं आफ्रिकेत सिंहांच्या मागावर गेले, तिथेही पाठीशी बंदुका होत्याच.

पण पोप यांना हे वेड लावलं कोणी?

ऑगस्ट १९११. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी, कत्तलखान्याच्या आवारात उपाशी, खंगलेला एक माणूस सापडला. ‘याही’ नावाच्या मूळनिवासी जमातीतला तो शेवटचा. सोन्याच्या ओढीने आलेल्या गोऱ्या लोकांनी त्याच्या माणसांची कत्तल केली होती. उरलेसुरले कित्येक वर्षं दऱ्याखोऱ्यांत लपून जगले. त्याला इशी म्हटलं गेलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात तो राहू लागला. शेजारीच वैद्यकीय महाविद्यालय होतं. तिथले डॉ. पोप त्याचे डॉक्टर होते आणि बघता बघता त्याचे शिष्य झाले.

इशीचं धनुष्य आखूड, जुनिपरच्या लाकडाचं, पाठीवर हरणाच्या स्नायूंचे तंतू चिकटवलेलं. दोरी तो अंगठ्याने ओढायचा. नेमबाजीच्या मैदानात लांबच्या फळ्यावर त्याचा नेम फारसा बसत नसे. रानात मात्र तो वेगळाच माणूस होता! शिकारीच्या आदल्या दिवशी मासे नाहीत, तंबाखू नाही. पहाटे ओढ्यात अंघोळ, मग उपाशीपोटीच रानात. वाऱ्याची दिशा सांभाळत सरकायचं. बोटं ओठांवर दाबून तो असा आवाज काढी, की ससे आपणहून त्याच्या दिशेने येत. हरणाला बोलावताना ओठांत पान धरून पाडसाचा आवाज काढी. पन्नास यार्डांच्या आत सावज येईपर्यंत थांबायची त्याची तयारी असे. आमच्या मते खरं धाडस या थांबण्यात आहे. अस्वलाच्या आकारावर ते मोजता येत नाही.

१९१४ साली इशीने पोप आणि इतरांना डिअर क्रीकच्या आपल्या जुन्या रानात नेलं. बाण कुठून मारायचा, कुठे लपायचं, सगळं तिथे दाखवलं. दोनच वर्षांत, मार्च १९१६ मध्ये, क्षयाने तो गेला.

१९६१ साली अमेरिकेत धनुष्याने शिकार करणाऱ्यांचा क्लब निघाला, त्याला पोप आणि यंग यांची नावं दिली गेली. त्या नावांच्या आधी इशीचं नाव असायला हवं होतं.