एका आण्याची चूक

(दृश्य: शहराच्या कडेची वस्ती. कौलारू घर, परसात शेवग्याचं झाड, त्यापलीकडे तारेचं कुंपण.)

घर बघायला आलेली माणसं भिंती ठोकून बघतात, नळ सोडून बघतात, पाणी किती वेळ येतं ते विचारतात. जमिनीची हद्द मात्र घरमालकाने हात करून दाखवली की त्यांचं समाधान होतं. “त्या शेवग्यापर्यंत आपलंच आहे.” तो खोटं बोलतोय असंही नाही. त्याच्या वडिलांनी त्याला तसंच हात करून दाखवलेलं असतं.

कागद मागितला की पुढे येतो सातबारा. जमीन कुणाच्या नावावर आणि क्षेत्र किती, हे तो सांगतो. ते क्षेत्र जागेवर कुठून कुठपर्यंत आहे, हे त्यावर कुठेच नसतं. शिवाय सातबारा हा महसुली दप्तराचा उतारा आहे. तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे.

तरी तो नीट वाचायलाच हवा, आणि नावाखाली थांबून चालणार नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा असतो, कुळाचं नाव असतं. ‘भोगवटादार वर्ग २’ असं लिहिलं असेल, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन असेल, तर त्या परवानगीचं काय ते आधी बघायचं. मग जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं कधी आणि कशी बदलली त्याच्या नोंदी, काढायचे. वारस नोंदीत फक्त भावांची नावं दिसली, तर बहिणी कुठे आहेत, हा प्रश्न तिथल्या तिथे विचारायचा. त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलंय का? दिलं नसेल, तर घर घेऊन झाल्यावर त्या हक्काने दारात उभ्या राहू शकतात, आणि त्यात त्यांची काहीच चूक नसते.

(दृश्य: गावठाणातली अरुंद गल्ली.)

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. नगर भूमापन झालं असेल, तर मिळकत पत्रिका मिळते, म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड. झालं नसेल, तर लोक ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतात. ती घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे, तेवढ्यावर घराची मालकी ठरत नाही. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. आपल्या गावाची निघाली असेल, तर ती आधी मागा.

(दृश्य: पिवळा पडलेला टिपणाचा कागद. मधोमध एक रेघ, दोन्ही बाजूंना आडव्या रेषा आणि आकडे.)

हे टिपण, म्हणजे मूळ मोजणीच्या वेळी जागेवर काढलेला कच्चा नकाशा. इंग्रजी अमदानीत, 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून नव्या पद्धतीची मोजणी सुरू झाली आणि पुढे मुंबई इलाख्यात पसरली. मोजणी साखळीने व्हायची. एक साखळी 33 फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद चौरस म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. टिपणावरचे हे आकडे साखळी-आण्यांतले आहेत. त्यातला एक आणा वाचताना चुकला, तर हद्द दोन फुटांहून जास्त सरकते. शेतात दोन फूट कुणी मनावर घेत नव्हतं. घराच्या प्लॉटमध्ये तेवढ्यात जिना जातो, संडासाची टाकी जाते.

पुढे 1947 च्या कायद्याने जमिनींचं एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबरांचे गट झाले. त्या कामात काही ठिकाणी नकाशा आणि क्षेत्र यांचा मेळ बसला नाही, काहींचा ताबा एका गटात आणि नाव दुसऱ्यात गेलं. आज मोबाइलवर गावाचा नकाशा उघडून बोटाने मोठा करता येतो. आपला गट कोणता, शेजारी कोण, एवढं त्यावरून कळतं. त्यावर भिस्त ठेवून कुंपण घालू नये.

(दृश्य: मोजणीचा दिवस.)

खात्रीचा मार्ग एकच, हद्द कायम मोजणी, म्हणजे अभिलेखाप्रमाणे हद्द जागेवर दाखवून देणारी सरकारी मोजणी. घर घेणाऱ्याने विकणाऱ्याला हा अर्ज करायला लावायचा. अर्ज भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात जातो. लगतधारकांना नोटिसा निघतात. ठरल्या दिवशी भूकरमापक येतो. रोव्हरची, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणाऱ्या यंत्राची, काठी एका कोपऱ्यावर टेकवतो, मग दुसऱ्या. बांधाचा जुना दगड सापडतो का, म्हणून कुदळीने चार ठिकाणी माती उकरली जाते. शेजारचे काका हाताची घडी घालून उभे असतात. त्यांना आदल्या दिवशी घरी जाऊन, चहा घेत सांगून ठेवलं असेल तर काम शांतपणे होतं. नुसत्या नोटिशीने माणूस बिथरतो.

शेवटी हातात येते ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा. अभिलेखाप्रमाणे हद्द कुठे आणि वहिवाट, म्हणजे प्रत्यक्ष वापर, कुठे, हे तिच्यावर दिसतं. या दोन रेषांमध्ये जे अंतर आहे, त्याचाच हा सगळा व्यवहार आहे. शेवगा अलीकडे की पलीकडे, ते इथे कळतं. मोजणी मान्य नसेल, तर वरिष्ठांकडून फेरमोजणी मागता येते. तिला निमताना मोजणी म्हणतात.

चूक निघाली, तर ती कुठल्या कागदात आहे ते आधी ओळखा, कारण इथे लोकांची वर्षं वाया जातात. हस्तलिखित सातबारा संगणकावर चढवताना नाव किंवा आकडा चुकला असेल, तर तो लेखनप्रमाद. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा. नकाशाच चुकला असेल, तर तलाठ्याच्या टेबलापाशी कितीही खेटे घातले तरी उपयोग नाही, ते काम भूमी अभिलेखचं. क्षेत्र बदलत असेल, तर तिथे कमी-जास्त पत्रक तयार होतं आणि त्यावरून सातबारा दुरुस्त होतो. आणि चूक खरेदीखतातल्या चतुःसीमेत, म्हणजे चारी बाजूंना काय आहे त्या वर्णनात असेल, तर चूक दुरुस्ती पत्र नोंदवावं लागतं. त्यावर विकणाऱ्याची सही लागते. पैसे मिळाल्यावर तो परगावी गेला, वारला, किंवा नुसता फोन उचलेनासा झाला, की ती सही मिळवणं किती अवघड होतं, ते भोगलेल्यांना विचारा.

म्हणून खरेदीखताआधी होणाऱ्या करारात, साठेखतातच लिहून घ्या: मोजणी विकणाऱ्याने करून द्यायची, ‘क’ प्रत खरेदीखताला जोडायची, क्षेत्र कमी भरलं तर किंमत त्या प्रमाणात कमी होईल, आणि उरलेली रक्कम त्यानंतरच दिली जाईल. विकणारा म्हणेल, “एवढा अविश्वास?” त्याला शांतपणे सांगा, मोजणी झाली की त्याच्या मुलांनाही पुढे कुणी कोर्टात ओढणार नाही. तरीही तो मोजणीला तयार नसेल, तर विसार देऊ नका, दुसरं घर बघा.