जीभ, टाळू आणि जबड्याची रेषा

(सोलापुरात अकरावी-बारावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर एका ऑर्थोडॉन्टिस्टने (वेडेवाकडे दात व जबड्याची ठेवण सुधारणाऱ्या दंततज्ज्ञाने) दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

विद्यार्थी मित्रहो आणि पालकहो, शिक्षकांनी प्रश्न विचारला की ओठांवर बोट ठेवायचे आणि तेच बोट जबड्याच्या कडेने फिरवायचे, ही खूण आता बहुतेक वर्गांत पोहोचली आहे. ‘माझे म्यूइंग चालू आहे, मी बोलणार नाही’ असा तिचा अर्थ. जीभ पूर्णपणे टाळूला चिकटवून, ओठ मिटून दिवसभर राहिल्यास जबड्याची रेषा धारदार होते, असा या म्यूइंगचा दावा आहे. सतराव्या वर्षी आपला चेहरा आपल्याला आवडेनासा होणे ही खरी वेदना असते, आणि म्हणूनच या दाव्याची तपासणी मनापासून व्हायला हवी.

हे नाव जॉन म्यू या ब्रिटिश ऑर्थोडॉन्टिस्टच्या आडनावावरून पडले. मऊ अन्न, तोंडाने श्वास घेण्याची सवय आणि जिभेची चुकीची ठेवण यांमुळे मुलांचे जबडे पुरेसे वाढत नाहीत आणि दातांची गर्दी होते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावरचे उपचारही त्यांनी वाढत्या वयाच्या मुलांसाठीच सुचवले होते. त्यांचे चिरंजीव माइक म्यू यांच्या व्हिडिओंमुळे हा विचार जगभर पसरला. दोन लहान मुलांवर केलेल्या उपचारांच्या प्रकरणात दंतवैद्यांची नोंदणी आणि नियमन करणाऱ्या ब्रिटनच्या जनरल डेंटल कौन्सिलच्या समितीने 2024 मध्ये माइक यांचे नाव नोंदणीतून वगळण्याचा निर्णय दिला. म्यूइंगने जबडा बदलतो याला शास्त्रीय आधार नाही, असे अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेनेही स्पष्ट केले आहे.

तरीही या कल्पनेत तथ्याचा एक अंश आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दात आपल्या जागी राहतात ते आतून जिभेचा आणि बाहेरून गाल-ओठांचा दाब पडत असताना. या समतोलाची फेरमांडणी अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्ट विल्यम प्रॉफिट यांनी 1978 मध्ये केली, तेव्हा गिळतानाच्या क्षणिक जोरापेक्षा विश्रांतीच्या वेळचा सौम्य पण दीर्घकाळ टिकणारा दाब अधिक महत्त्वाचा आहे, हे त्यांनी दाखवून दिले. वरच्या जबड्याचे दोन भाग टाळूच्या मधोमध एका शिवणीने जोडलेले असतात. लहानपणी ही शिवण मोकळी असते, म्हणून स्क्रूचे उपकरण बसवून आम्ही टाळू रुंद करू शकतो. किशोरवयाच्या अखेरीकडे ती घट्ट होत जाते, अर्थात प्रत्येकात थोड्या वेगळ्या वयात. त्यानंतर जिभेने कितीही रेटा दिला तरी हाड सरकत नाही. सरकले तर दात सरकतात, आणि ते नको त्या दिशेलाही सरकू शकतात.

शिवाय जीभ टेकते वरच्या जबड्याला, आणि आरशात आपण शोधतो ती रेषा असते खालच्या जबड्याची. ती रेषा हाडाचा आकार, हनुवटीखालची चरबी, गळ्यातील कंठिकास्थीची जागा आणि मानेची ठेवण यांवरून ठरते. जीभ वर उचलली की हनुवटीखालचा मऊ भाग आत ओढला जातो, म्हणून छायाचित्रात फरक दिसतो. जीभ खाली आली की तो जातो. सोळा ते अठरा या वयात मुलांचा खालचा जबडा मुळातच वाढत असतो आणि गालांचा गुबगुबीतपणा ओसरत असतो. वर्षभराने काढलेल्या फोटोतील बदलाचे श्रेय मग व्यायामाला मिळते.

कडक भाकरी चावून जबडा रुंद होतो का, हा खास आपल्या सोलापूरचा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. चावण्याने गालाच्या मागचा चर्वणस्नायू बळकट होतो, हे खरे. मऊ अन्नावर वाढवलेल्या प्राण्यांचे जबडे लहान राहतात, असेही प्रयोगांत आढळले आहे. मात्र ते प्राणी वाढीच्या वयातले होते. वाढत्या मुलाला शेंगाचटणीसोबत भाकरी जरूर चावू द्या, पण वाढ पूर्ण झालेल्या माणसाच्या हाडाची चौकट भाकरीने बदलत नाही.

पालकहो, माझी खरी काळजी तुमच्या धाकट्या मुलांविषयी आहे. एगिल हार्वोल्ड या ऑर्थोडॉन्टिक्सच्या संशोधकाने प्रयोगात वाढत्या वयाच्या माकडांची नाके बंद केली, तेव्हा तोंडाने श्वास घेण्यासाठी त्यांनी जीभ आणि जबडा वेगवेगळ्या तऱ्हेने धरला आणि त्यानुसार त्यांच्या चेहऱ्यांची व दातांची रचना बदलत गेली. नाकामागच्या अ‍ॅडेनॉइडची (टॉन्सिलसारख्या मऊ गाठीची) वाढ किंवा धुळीच्या अ‍ॅलर्जीने सतत चोंदलेले नाक यांमुळे जे मूल तोंड उघडे ठेवून झोपते, घोरते, सकाळी थकलेले उठते, त्याला ‘जीभ टाळूला लाव’ असे सांगून काहीही साधत नाही, कारण नाकाने श्वासच पुरत नसेल तर ते तोंड मिटणार कसे? अशा मुलाला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या, मग आमच्याकडे आणा. दुधाचे दात पडून पक्के दात येऊ लागतात त्या सुमारास, म्हणजे सातव्या वर्षापर्यंत, पहिली तपासणी व्हावी, अशी शिफारस आहे.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी जे सध्या म्यूइंग करत आहेत त्यांना कानापुढच्या सांध्यात दुखत असेल, तोंड उघडताना कटकट आवाज येत असेल किंवा पुढचे दात एकमेकांना टेकेनासे झाले असतील, तर ते आजच थांबवा आणि दाखवून घ्या. जबडा खरोखरच मागे राहिलेला असेल, तर त्यावर उपकरणे आहेत, वाढ संपल्यानंतर शस्त्रक्रियाही आहे. मात्र तो मागे आहे की नाही, हे एक्स-रे आणि मोजमापे पाहूनच ठरवावे लागते.