माणसाची प्रतिपिंडं, उंदराच्या अंगात

(दृश्य: परळ, टाटा मेमोरियल रुग्णालयाबाहेरची सकाळची वर्दळ)

डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी निवोलुमॅब या औषधाची चाचणी इथे झाली. हे औषध म्हणजे एक प्रतिपिंड (अँटीबॉडी), ठरावीक लक्ष्याला चिकटणारं प्रथिन. एरवी डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. इथे तीन आठवड्यांनी फक्त २०. तोंडी गोळ्यांसोबत तो मिळालेल्यांपैकी ४३ टक्के रुग्ण वर्षभरानंतर हयात होते. नुसत्या गोळ्यांवरचे, १६ टक्के.

हे प्रतिपिंड सापडलं उंदरात. साध्या उंदराचं प्रतिपिंड माणसाचं शरीर परकं समजून निकामी करतं. म्हणून १९९४ साली दोन गटांनी उंदराची प्रतिपिंड-जनुकं बंद पाडून माणसाची घातली. पण पूर्ण मानवी प्रतिपिंड उंदराच्या पेशींना नीट इशारा देत नाही, प्रतिसाद फिका पडतो. पुढच्या उंदरांत मग लक्ष्याला चिकटणारं टोक तेवढं माणसाचं, खालचा दांडा उंदराचा. या क्षेत्रातली सर्वांत शहाणी तडजोड हीच.

(दृश्य: प्राणिगृह, हवेशीर पिंजऱ्यांच्या रांगा)

आर्द्रता ७० टक्क्यांच्या आत हवी. मुंबईच्या पावसाळ्यात त्यासाठी यंत्रणा अखंड चालवावी लागते.

ज्याच्याविरुद्ध प्रतिपिंड हवं ते लक्ष्य-प्रथिन २० ते ५० मायक्रोग्रॅम, अ‍ॅज्युव्हंटमध्ये (प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या द्रव्यात) घोटून उंदराच्या कातडीखाली. दोन-तीन आठवड्यांनी बूस्टर. मग शेपटीतून थेंबभर रक्त आणि एलायझा, म्हणजे प्लेटवर रंग उमटवून प्रतिपिंड मोजणारी तपासणी. सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) दहा हजार पट पातळ करूनही रंग उमटला, की उंदीर तयार. शेवटच्या बूस्टरनंतर तीन-चार दिवसांनी प्लीहा काढतात, प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी तिथे असतात; ७० मायक्रॉनच्या जाळीवर सिरिंजच्या दट्ट्याने हलके दाबून पेशी सुट्या करतात. या पेशी मग मायलोमाच्या, म्हणजे अखंड वाढत राहणाऱ्या कर्करोगी पेशींशी जोडायच्या. पेशी जुळवणारं रसायन पीईजी एक मिलिलिटर, पूर्ण एक मिनिट, थेंबाथेंबाने. पुढचं माध्यमही सावकाशच. भसकन ओतलं तर नुकत्याच जुळू लागलेल्या पेशी फुटतात. हॅट या निवड करणाऱ्या माध्यमात जुळलेल्याच तेवढ्या तगतात.

फसगत होते ती बहुतेकदा सुरुवातीलाच. माणसाचं प्रथिन उंदराच्या प्रथिनासारखंच असेल, तर उंदीर त्याला आपलंच समजतो आणि गप्प बसतो. अशा वेळी ते जनुकच काढून टाकलेला उंदीर घ्यावा. दुसरा घोळ जास्त महागात जातो: टोचलेल्या प्रथिनाची घडी बिघडलेली असते. प्लेटवर झकास चिकटणारं प्रतिपिंड मग जिवंत पेशीकडे ढुंकून पाहत नाही. म्हणून पहिल्या चाळणीलाच लक्ष्य असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही पेशींवर फ्लो सायटोमेट्री (प्रतिपिंड एकेका पेशीला चिकटतं का, हे लेझरने पाहणारी तपासणी) करावी.

निवडलेल्या क्लोनची (एकाच जुळलेल्या पेशीपासून वाढलेल्या पेशींची) प्रतिपिंड-जनुकं वाचून त्या प्रतिपिंडाला मानवी दांडा जोडतात आणि ते सीएचओ, म्हणजे हॅमस्टरच्या पेशींत तयार करतात. दांडा बदलला, की चिकटण्याच्या सगळ्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून.