दालचिनी, तेलकट-तुपकट जेवण आणि आपले हृदय

नमस्कार. माझ्या हातात दालचिनीचे दोन तुकडे आहेत, ते जरा जवळून पाहा. हा जाड, काळपट-तांबूस, आत पोकळ आहे आणि बोटांनी मोडू पाहिला तर मोडत नाही. हा दुसरा फिकट आहे. कागदासारख्या पातळ साली एकीत एक गुंडाळलेल्या असून चिमटीत दाबताच त्यांचा चुरा होतो. पहिली कॅशिया, दुसरी श्रीलंकेची दालचिनी. कोकणात नारळाच्या बागेत आंतरपीक म्हणून लावतात तीही याच जातीची.

तेलकट-तुपकट खाण्याचा त्रास दालचिनी हृदयापर्यंत पोहोचू देत नाही, असे संदेश आपल्या फोनवर येत असतात, आणि ते अगदीच निराधार नाहीत. २०१७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत मांडलेल्या एका प्रयोगात, भरपूर चरबीचे खाद्य आणि सोबत दालचिनी १२ आठवडे मिळालेल्या उंदरांच्या पोटावर चरबी कमी साठली आणि रक्तातील साखरही कमी राहिली. पण ते उंदीर होते. माणसांवरचा गाजलेला प्रयोग २००३ सालचा, पाकिस्तानातला: टाइप-२ मधुमेहाच्या ६० रुग्णांपैकी निम्म्यांना ४० दिवस रोज १, ३ किंवा ६ ग्रॅम दालचिनी दिली, तेव्हा त्यांची उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्क्यांनी आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील एक प्रकारची चरबी, २३ ते ३० टक्क्यांनी उतरले. पुढच्या प्रयोगांत एवढा मोठा फरक सातत्याने दिसला नाही, आणि दालचिनीमुळे हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचे तर कोणीही दाखवलेले नाही.

त्या ६० जणांच्या प्रयोगात वापरली होती ती कॅशिया. तिच्या एका ग्रॅममध्ये सरासरी ३ मिलिग्रॅम कुमारिन असते, आणि हे द्रव्य जास्त झाले तर काहींच्या यकृताला इजा करते. युरोपातील अन्नसुरक्षा यंत्रणेच्या मर्यादेनुसार ६० किलो वजनाच्या माणसाने रोज ६ मिलिग्रॅमपेक्षा अधिक कुमारिन नेहमी घेऊ नये; म्हणजे ६ ग्रॅम कॅशिया त्याच्या तिप्पट झाली. श्रीलंकेच्या दालचिनीत ते नावापुरतेच असते. म्हणूनच, कोमट पाण्यातून रोज चमचाभर पूड घ्या, असा सरसकट सल्ला मला धोक्याचा वाटतो.

पूड झाली की साल कोणती, हे डोळ्यांना कळत नाही. त्यामुळे मी अख्खी साल आणते आणि घरीच कुटते. यकृताचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर रोज पूड सुरू करण्याआधी डॉक्टरांना अवश्य विचारावे. मसालेभातात पडणाऱ्या एखाद्या तुकड्याची मात्र कोणी धास्ती घेऊ नये.