पागोळ्यांची टाकी

नमस्कार श्रोतेहो. केनियाच्या पूर्वेला किटुई नावाचा भाग आहे. तांबडी माती, बाभळी, आणि नदी म्हणाल तर वर्षातला बराच काळ नुसती वाळू. त्या वाळूत खड्डा करून लोक पाणी काढतात. तिथल्या एका प्राथमिक शाळेत मी गेले होते.

पत्र्याचं छप्पर, कडेला पन्हळ, तिथून उतरणारा पाइप आणि खाली 10,000 लिटरची काळी टाकी. ती येण्याआधी मुलं घरूनच पाणी आणायची, पिवळ्या कॅनमधून 5-5 लिटर. ज्या घरात पाणी नसेल, तिथलं मूल त्या दिवशी शाळेतच येत नसे. हे ऐकून मला फार लागलं.

एका मुलाने मला पाणी ‘ऐकवलं’. टाकीवर वरून खाली बोटं वाजवत आला. पोकळ, पोकळ, आणि त्याच्या कमरेशी एकदम भरीव आवाज! तिथे त्याने खडूने रेघ ओढली. शेजारी आधीच्या आठवड्यांच्या रेघा होत्याच.

तिथे पाऊस दोनदा येतो, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 200 चौरस मीटरच्या छपरावर 20 मिलिमीटर पडला, तर हिशेबाने 4000 लिटर. पण पहिली सर टाकीत घेत नाहीत. पत्र्यावरची धूळ, पाखरांची घाण तिच्यासोबत येते, म्हणून पाइपाचं झाकण काढून ते पाणी सोडून देतात. 2020 च्या अखेरीपासून पूर्व आफ्रिकेत ओळीने पाच हंगाम पावसाने दगा दिला. ते दिवस पाहिलेल्या माणसांना हे पाणी सोडताना काय वाटत असेल!

एका बाजूची पन्हळ मात्र झुकली होती. टाकी देणगीतून मिळाली, पण पन्हळ धरून ठेवणारे लोखंडी आकडे बदलायला पैसे नाहीत, असं मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. टाकी देणाऱ्यांनी पुढच्या दुरुस्तीचेही पैसे त्यातच धरावेत, एवढं मला कळकळीने सांगायचं आहे. सांधा सुटला की अर्धा पाऊस अंगणात जातो.

जेवणाच्या सुट्टीत नळापाशी रांग लागली. ‘साबुनी, साबुनी’ असा पुकारा झाला. स्वाहिलीतला हा शब्द ऐकून आपला साबण आठवला. नळाखाली बादली होती. हात धुऊन झाले, तशी दोन मुलींनी ती दोन्हीकडून धरली आणि एक थेंब न सांडता आंब्याच्या रोपापाशी नेली.